विलो आयलंड, १९७८: कालच्या काँक्रीटवर आजची परांची

साइट सेफ्टीचं ट्रेनिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात येतं ते हेल्मेट, हार्नेस, सेफ्टी शूज, सकाळी दहा मिनिटांचं टूलबॉक्स टॉक आणि रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या. हे सगळं लागतंच, त्यावर वाद नाही. पण एवढं झालं की सेफ्टी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी विलो आयलंडचं प्रकरण एकदा सावकाश वाचावं. तिथे एका सकाळी ५१ माणसं गेली आणि त्यातल्या एकालाही हेल्मेटने वाचवलं नसतं. हार्नेस अडकवायचा म्हटलं तरी अडकवणार कशाला, परांचीलाच ना, आणि परांचीच खाली आली.

तारीख २७ एप्रिल १९७८, गुरुवार, सकाळी दहा वाजून गेलेले. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी विलो आयलंडला प्लेझंट्स पॉवर स्टेशन उभं राहत होतं. कोळशावरचं वीज केंद्र, त्याला दोन कूलिंग टॉवर. कूलिंग टॉवर म्हणजे ते खाली रुंद, मध्ये कमरेत आवळलेले, वरती परत जरासे फुललेले प्रचंड काँक्रीटचे मनोरे, फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. कंत्राटदार होता रिसर्च-कॉट्रेल. पहिला मनोरा बांधून झालेला, दुसरा १६६ फुटांपर्यंत म्हणजे साधारण ५० मीटर चढलेला.

आता पद्धत समजून घ्या, कारण सगळं प्रकरण पद्धतीत आहे. असा मनोरा बांधताना जमिनीपासून वरपर्यंत परांची उभारत नाहीत, परवडतच नाही. परांची आणि शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) दोन्ही भिंतीलाच बोल्टने अडकवलेली असतात आणि भिंत जशी वाढेल तशी ती वर सरकतात. रोज साधारण पाच फूट उंचीचा एक थर, त्याला लिफ्ट म्हणतात, गोलाकार पूर्ण फिरवून ओतायचा. दुसऱ्या दिवशी शटरिंग सोडायचं, परांची एक टप्पा वर घ्यायची आणि पुढचा थर ओतायला घ्यायचा. म्हणजे आज ज्या परांचीवर माणसं उभी आहेत तिच्या सगळ्यात वरच्या टेकूखाली आहे काल ओतलेलं काँक्रीट. परांचीचं वजन, माणसांचं वजन, शटरिंग, आणि काँक्रीटची बादली दोराने वर ओढणारी कॅटहेड नावाची यंत्रणा, हे सगळं त्या भिंतीवर. बादली वर येते तेव्हा दोराचा ताण कॅटहेडवर येतो, कॅटहेडवरून परांचीवर आणि परांचीवरून कालच्या काँक्रीटवर. लोखंड कितीही मजबूत असू दे, साखळीतली शेवटची कडी कालचा थर.

त्या सकाळी २८ नंबरची लिफ्ट आदल्या दिवशी ओतून झाली होती आणि २९ नंबरचं काम सुरू झालं होतं. काँक्रीटची बादली वर चढत होती. तेवढ्यात २८ नंबरच्या थराचा एक भाग आत ढासळला आणि तिथून दोन्ही बाजूंना पूर्ण गोल फिरून तो थर आणि त्याला अडकवलेली परांची सोलल्यासारखी सुटत मनोऱ्याच्या आत कोसळली. वर जेवढे होते तेवढे सगळे गेले. ५१. एकाच कुटुंबातले भाऊ, मुलगे, पुतणे असे कितीतरी जण त्यात होते, कारण आजूबाजूच्या गावांतले लोक एकमेकांच्या ओळखीने एकाच साइटवर लागायचे. अमेरिकेच्या बांधकामाच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या अपघातांपैकी एक म्हणून याची नोंद आहे.

कारण शोधायचं काम नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेकडे आलं. ओशा म्हणजे तिकडची सरकारी सेफ्टी यंत्रणा, तिनेच त्यांना बोलावलं. त्यांनी परांचीचे भाग तपासले, होइस्टचे म्हणजे काँक्रीट वर ओढायच्या यंत्रणेचे भाग तपासले, आणि आधी तुटलं काय हा प्रश्न धरून बसले. हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नसतो. कोसळलेल्या ढिगाऱ्यात सगळंच तुटलेलं असतं, वाकलेलं असतं, त्यातून पहिलं कोण आणि नंतरचं कोण हे काढायचं म्हणजे हिशोब आणि प्रयोग दोन्ही लागतात. साइटवर वापरलेल्यासारखंच मटेरियल घेऊन, तिथल्यासारख्याच थंडीत काँक्रीट ठेवून त्याची ताकद मोजली गेली. निष्कर्ष असा निघाला की २८ नंबरच्या काँक्रीटला पुरेशी ताकद यायच्या आधीच त्याच्यावर बांधकामाचा भार आला. ताकद होती साधारण २२० पीएसआय (चौरस इंचाला २२० पौंड), म्हणजे दीड एमपीएच्या (मेगापास्कलच्या) आसपास, आणि तो भार झेलायला हवी होती १००० पीएसआयच्या घरात. म्हणजे पाव हिश्शाच्याही खाली. थोडंसं कमी पडलं असं म्हणायलाही जागा नाही.

का कमी पडलं तर थंडी. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं, आणि ती क्रिया तापमानावर चालते. गारठ्यात ती अगदी रेंगाळते. यासाठी मॅच्युरिटी म्हणून एक सोपा हिशोब आहे, तापमान गुणिले तास. शून्य अंश सेल्सिअस ही खालची पातळी धरली तर २३ अंशांत २० तास ठेवलेल्या काँक्रीटचे होतात ४६० अंश-तास, आणि तेच काँक्रीट ५ अंशांत २० तास ठेवलं तर फक्त १००. घड्याळात दोन्हीचं वय सारखंच, २० तास. एकावर परांची लटकवता येईल, दुसऱ्यावर अंगठा दाबला तर कदाचित ठसा उठणार नाही पण बोल्ट मात्र धरणार नाही. एप्रिल महिना असला तरी विलो आयलंडला त्या रात्री चांगलीच थंडी होती.

इथे मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. साइटवर नियम होता तो घड्याळाचा होता. काल ओतलं, आज चढलो. आणि हा नियम चालत आला होता! २७ लिफ्ट तशाच गेल्या होत्या. शेजारी एक अख्खा मनोरा बांधून उभा होता. अशा वेळी वर चढणाऱ्या माणसाला, फोरमनला, इंजिनिअरलासुद्धा पद्धत बरोबर आहे याचा रोज नवा पुरावा मिळत असतो, आणि प्रत्येक पुरावा खरं तर एवढंच सांगत असतो की काल रात्री हवा बरी होती. ज्या दिवशी हवा बरी नव्हती त्या दिवशी विचारायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. वर जायच्या आधी कुणीतरी थांबून "कालच्या काँक्रीटची आज सकाळची ताकद किती?" असं विचारायचं आणि उत्तर आकड्यात मिळायचं, अशी पायरीच कामात नव्हती.

ओशाने नंतर काढलेल्या त्रुटींची यादी बघितली तर त्यात बरंच काही आहे. काँक्रीटची जागेवरची तपासणी केली नाही, परांची नीट अँकर केली नाही, काही बोल्ट गायब, काही बोल्ट कमी प्रतीचे, वर जायला-यायला एकच शिडी, त्यामुळे पळायचं म्हटलं तरी वाट नाही, काँक्रीट वर ओढायच्या यंत्रणेत बदल केले पण ते इंजिनिअरकडून नीट तपासून घेतले नाहीत, आणि वर कामाची घाई. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. यातल्या बोल्ट आणि शिडी या गोष्टी कुठलाही चांगला सेफ्टी ऑफिसर फेरी मारताना पकडेल. डोळ्याला दिसतात, फोटो काढता येतो, लाल शेरा मारता येतो. ज्याने ५१ माणसं नेली ते मात्र डोळ्याला दिसत नव्हतं. शटरिंग काढलेलं २० तासांचं काँक्रीट आणि २८ दिवसांचं काँक्रीट लांबून सारखंच करडं दिसतं. चेकलिस्ट बनवणारे लोक दिसणाऱ्या गोष्टींची चेकलिस्ट बनवतात, आणि ट्रेनिंगही मग त्याच चेकलिस्टवरून बनतं.

क्यूब किंवा सिलिंडर टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा नमुना ओतून नंतर फोडून बघायची तपासणी, तर होतच असते की, असं कोणी म्हणेल. होते, पण कुठली आणि कशासाठी? लॅबमध्ये उबदार पाण्यात ठेवलेला सिलिंडर सांगतो की मिक्स चांगलं होतं का, २८ दिवसांनी डिझाइनची ताकद येणार का. तो बिलासाठी आणि क्वालिटीसाठी आहे. वर भिंतीत गारठलेल्या काँक्रीटचं आज सकाळी काय झालंय हे त्याला माहीतच नसतं, तो बिचारा रात्रभर उबेत होता. त्यासाठी सिलिंडर भिंतीपाशीच, त्याच वाऱ्यात, त्याच थंडीत ठेवायला लागतो आणि सकाळी चढायच्या आधी फोडायला लागतो. किंवा काँक्रीटमध्ये तापमान मोजायची तार टाकून मॅच्युरिटी काढायची, किंवा आत बसवलेला तुकडा ओढून बघायची पुल-आउट टेस्ट करायची. रिबाउंड हॅमरने ठोकून बघणारे खूप भेटतात, पण इतक्या कोवळ्या काँक्रीटवर त्याच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आणि हे त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. पाच वर्षं आधी, २ मार्च १९७३ ला, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत स्कायलाइन प्लाझा नावाची उंच इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली होती, १४ कामगार गेले. तिथेही नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनेच तपास केला आणि तिथेही उत्तर तेच निघालं, २३ व्या मजल्याचं काँक्रीट तयार व्हायच्या आत खालचे टेकू काढले. कोवळं काँक्रीट, थंडीचे दिवस, वेळापत्रकाची घाई, सगळं तेच. तिथून ब्युरोच्या लोकांनी मॅच्युरिटीच्या पद्धतीवर काम सुरू केलं, विलो आयलंडनंतर त्याला जोर आला आणि १९८७ मध्ये ही पद्धत एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या स्टँडर्डमध्ये आली. म्हणजे ज्ञान होतं, पण ते संशोधकांच्या टेबलावर होतं. १६६ फुटांवरच्या फोरमनपर्यंत ते न्यायचं काम ट्रेनिंगचं, आणि ते कोणी केलं नव्हतं.

मग या प्रकरणावरून बांधकाम कंपनीने ट्रेनिंग कसं बदलावं? माझं मत असं की सुरुवात कामगारापासून करूच नये. कामगाराला शिकवायचं ते शिकवाच, पण २८ नंबरच्या लिफ्टवर चढायचं की नाही हा निर्णय त्याच्या हातात कधीच नव्हता. ज्याच्या हातात होता, म्हणजे साइट मॅनेजर, फोरमन, शिफ्ट इंजिनिअर, पहिला वर्ग त्यांचा लावायला हवा. त्यांना शिकवायची गोष्ट एकच आणि ती थोडी अवघड आहे: आकडा आल्याशिवाय वर जायचं नाही, आकडा डिझाइन करणाऱ्याने आधीच लेखी दिलेला असतो, आणि आकडा आला की नाही यावर सही करणारा माणूस रोजच्या प्रोग्रेसला जबाबदार नसतो. शेवटचा मुद्दा बऱ्याच कंपन्यांत कागदावर असतो आणि प्रत्यक्षात नसतो. सही करणारा क्वालिटी इंजिनिअर त्याच मॅनेजरच्या हाताखाली असतो ज्याला वरून फोन येतोय की आजची लिफ्ट झाली का. अशा माणसाकडून "नाही" ची अपेक्षा ठेवायची म्हणजे त्याच्या नोकरीवर कंपनीची सेफ्टी उभी करायची.

आणखी एक गोष्ट जी ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये कधीच नसते. आकडा कमी आला तर त्या दिवशी पन्नास माणसांनी करायचं काय? हे आधी ठरलेलं नसेल तर कितीही चांगला नियम सकाळी आठ वाजता वाकतो. वर क्रू उभा आहे, काँक्रीटची गाडी निघालेली आहे, क्रेन रिकामी आहे आणि एक जण कागद घेऊन सांगतोय की थांबा. मग कोणीतरी म्हणतो, अरे दोन तासांनी ऊन आलंय ना, चला. म्हणून प्लॅनमध्येच लिहून ठेवायचं की आकडा आला नाही तर आज खाली सळई बांधायची, शटरिंगची साफसफाई करायची, बोल्ट मोजायचे. काँक्रीटवर रात्री ब्लँकेट टाकायचं, लागलं तर हीटर, मिक्स बदलायचं असेल तर ते आदल्या दिवशी ठरवायचं. काँक्रीटची गाडी आकडा यायच्या आधी बोलवायचीच नाही, ही एक साधी सवय लागली तरी निम्मा दबाव कमी होतो. थांबणं स्वस्त केलं तर लोक थांबतात, नुसतं सांगून थांबत नाहीत.

कामगारांसाठीचा भाग आता. वर बोल्ट आवळणारा माणूस रोज त्या काँक्रीटला हात लावतो. बोल्ट आवळताना भोक मोठं होतंय का, कड हाताने तुटतेय का, काल रात्रीपेक्षा आज काँक्रीट ओलसर, गार लागतंय का, हे त्याला सगळ्यात आधी कळतं. हे ओळखायला त्याला शिकवावं आणि कळल्यावर कोणाला सांगायचं ते नाव घेऊन सांगावं, कुठल्यातरी हेल्पलाइनचा पोस्टर लावून नाही. पण उलट्या बाजूने तेवढंच स्पष्ट सांगावं की हाताला घट्ट लागलं म्हणजे चढायला परवानगी मिळाली असं नाही. हाताचा अंदाज थांबवायला चालतो, पुढे जायला चालत नाही. जुन्या कारागिरांना हे पटवणं सगळ्यात कठीण जातं, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, त्यांचा अंदाज हजार वेळा बरोबर आलेला असतो. त्यांना तापमान आणि तासांचा तो ४६० आणि १०० चा हिशोब फळ्यावर करून दाखवला तर व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.

हवा बदलली की नियम पुन्हा तपासायचा, हेही शिकवण्यात यावं. रात्रीचा पारा अमुकच्या खाली गेला, सिमेंट बदललं, होइस्टची जागा बदलली, दोराचा कोन बदलला, यातलं काहीही झालं तर काल चालत होतं हा मुद्दाच बाद. विलो आयलंडला वर ओढायच्या यंत्रणेत केलेला बदल हेच सांगतो. छोटा वाटणारा बदल भार दुसरीकडे वळवतो, आणि तो कुठे वळला हे हिशोब केल्याशिवाय दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने काय झालं तर ओशाने कंपन्यांवर त्रुटींचा ठपका ठेवला आणि शेवटी तडजोड ८५,५०० डॉलरवर झाली. ५१ ने भागा, माणशी १,७०० डॉलरसुद्धा भरत नाहीत. फौजदारी चौकशीसाठी प्रकरण न्याय खात्याकडे गेलं, पण पुढे कोणावर खटला उभा राहिला नाही. १९८८ मध्ये मात्र काँक्रीटच्या कामाचे ओशाचे नियम नव्याने लिहिले गेले आणि त्यातली दोन कलमं थेट या प्रकाराला लागू पडतात. एक, काँक्रीटला स्वतःचं आणि वरचं वजन पेलण्याइतकी ताकद आल्याची खात्री झाल्याशिवाय शटरिंग आणि टेकू काढायचे नाहीत, आणि ती खात्री टेस्टने किंवा ड्रॉइंगमध्ये लिहिलेल्या अटींनी करायची. दुसरं, स्ट्रक्चरल डिझाइन कळणाऱ्या माणसाच्या माहितीच्या आधारे कामगार ठेवणाऱ्या कंपनीने ठरवल्याशिवाय काँक्रीटवर बांधकामाचा भार टाकायचा नाही. दुसरं कलम वाचायला सरळ आहे पण साइटवर त्याचा अर्थ मोठा होतो. भार म्हणजे परांचीही आली, सळईचा गठ्ठाही आला, बादली ओढणारा दोरही आला. डिझाइन करणारा ऑफिसमध्ये आणि भार वर, तर दोघांच्या मध्ये रोज सकाळी एक कागद फिरायला पाहिजे, आणि त्या कागदावर वेळ, तापमान, टेस्टचा आकडा आणि लागणारा आकडा शेजारी-शेजारी लिहिलेले पाहिजेत. नुसतं "ओके" लिहिलेला कागद फाडून टाकावा, त्याचा उपयोग फक्त नंतर वकिलांना होतो.

हे वर्गात शिकवायचं असेल तर या प्रकरणाचाच सराव करून घेता येतो. फोरमन आणि इंजिनिअर लोकांना जोड्यांनी बसवा, एकाला आदल्या रात्रीचं तापमान आणि सकाळी फोडलेल्या सिलिंडरचा आकडा द्या, मुद्दाम लागणाऱ्या आकड्यापेक्षा जरासा कमी, ८५० वगैरे, २२० देऊ नका कारण २२० वर कोणीही थांबेल. दुसऱ्याला मॅनेजर करा आणि त्याला सांगा की काँक्रीटची गाडी गेटवर आहे, क्लायंट दुपारी येतोय, काहीही करून आज लिफ्ट करून घे. पाच मिनिटं बोलू द्या. मग कागदावर काय लिहिलं ते सगळ्यांसमोर वाचा. किती जण आकडा १००० करून लिहितात, किती जण "अंशतः परवानगी" असा नवीनच शब्द काढतात, किती जण सही टाळून तोंडी "बघा तुम्ही" म्हणतात, हे त्याच खोलीत दिसतं, आणि तुमच्या साइटवर पुढच्या थंडीत काय होणार तेही साधारण त्याच खोलीत कळतं. ज्याने सही टाळली त्याला झापू नका, त्याला विचारा की सही करायला त्याला काय कमी पडलं. बहुतेक वेळा उत्तर येतं की वरच्या कोणाचा नंबर लावायचा तेच माहीत नव्हतं, आणि तो नंबर मग त्याच दिवशी कागदावर छापून घ्या.